खुल्या समुद्रातले जीव आणि त्यांना जपणारे करार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खुला समुद्र नेमका कुठून सुरू होतो?

मोजणी आधाररेषेपासून होते आणि बहुतेक ठिकाणी ही रेषा म्हणजे ओहोटीच्या वेळची किनाऱ्याची रेषा. तिथून १२ सागरी मैलांपर्यंत त्या देशाचा प्रादेशिक समुद्र. २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथली मासळी, तेल, वायू त्या देशाचे, पण जहाज कोणाचेही जाऊ शकते. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा, तेव्हा २०० मैल म्हणजे साधारण ३७० किलोमीटर. त्यापलीकडे जे पाणी उरते तो खुला समुद्र. महासागरांच्या पृष्ठभागाचा सुमारे ६४ टक्के भाग यात मोडतो.

गोंधळ होतो तो तळाबाबत, कारण पाण्याचा आणि तळाचा हिशेब वेगळा आहे. खुल्या समुद्राखालच्या तळाला सागरी कायद्यात नुसते ‘क्षेत्र’ म्हणतात आणि तिथली खनिजे साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा मानली जातात. त्यात आणखी एक गुंता आहे. काही देशांचा भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यापासून पाण्याखाली पसरत गेलेली जमीन, २०० मैलांच्याही पुढे पसरलेला असतो. अशा जागी वर पोहणारा मासा खुल्या समुद्रातला, पण खाली तळाला चिकटलेला शिंपला किनाऱ्यावरच्या देशाचा. जाळे तळाला टेकले की कायदा बदलतो.

तिथे कायदा कोणाचा चालतो?

जहाजावर ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात (तो १६ नोव्हेंबर १९९४ रोजी लागू झाला) हा नियम स्पष्ट आहे. दुसऱ्या देशाच्या नौदलाला खुल्या समुद्रात परके जहाज उठसूट थांबवता येत नाही. चाचेगिरी, गुलामांची ने-आण, अनधिकृत रेडिओ-टीव्ही प्रसारण किंवा जहाज कोणत्याच देशाचे नसल्याचा संशय, अशा मोजक्याच कारणांनी चढता येते. बेकायदा मासेमारी या यादीत नाही.

त्यामुळे सगळी भिस्त ध्वजराष्ट्रावर येते आणि दुखणेही तिथेच आहे. जहाज आणि झेंडा यांच्यात ‘खरा संबंध’ असावा असे करार म्हणतो, पण खरा म्हणजे किती, हे सांगत नाही. काही देश नोंदणी शुल्कापुरता झेंडा देतात. तपासणीला त्यांच्याकडे ना माणसे असतात ना गलबते. यालाच सोयीचा झेंडा म्हणतात. कारवाई होणार असे दिसले की मालक झेंडा बदलतो, नाव बदलतो, रंगही बदलतो. बदलत नाही तो आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात अंकी क्रमांक. तो जहाजाला जन्मभर चिकटतो. म्हणूनच मासेमारी जहाजांना हा क्रमांक सक्तीचा करा, हा आग्रह वरवर कारकुनी वाटला तरी फार मोलाचा आहे.

पाण्याशिवाय तिथे आहे तरी काय?

बरेच काही. लेदरबॅक कासवे, ट्यूना, शार्क, देवमासे, अल्बट्रॉस यांचे आयुष्य सरहद्दी ओलांडण्यात जाते. एखाद्या देशाने आपल्या किनाऱ्यावर अंडी राखली आणि पुढे हजारो किलोमीटरच्या प्रवासात ते कासव गळाला लागले, तर राखणदारीचे फळ हाती येत नाही.

तळाकडे पाहिले तर समुद्राखालचे डोंगर आहेत. त्यांच्या उतारांवर प्रवाळ आणि स्पंज वाढतात, माथ्यावर मासळी जमते. ऑरेंज रफी नावाचा मासा अशाच डोंगरांवर सापडतो. तो शंभर वर्षांहून अधिक जगतो आणि वयात यायलाच दोन-तीन दशके घेतो. असा थवा एकदा जाळ्यात उपसला की पुढची पिढी धरायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. चिलीच्या पश्चिमेकडील सालास इ गोमेझ आणि नाझ्का या डोंगररांगा, अटलांटिकमधला सारगासो समुद्र, हवाईच्या वायव्येकडील एम्परर डोंगर ही नावे संरक्षणाच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतात.

बीबीएनजे करार म्हणजे काय? तो लागू झाला का?

हो, १७ जानेवारी २०२६ रोजी. राष्ट्रीय हद्दीपलीकडच्या सागरी जैवविविधतेचा हा करार १९८२ च्या करारालाच जोडलेला आहे. मसुद्यावर ४ मार्च २०२३ रोजी न्यूयॉर्कमध्ये एकमत झाले. तेव्हा परिषदेच्या अध्यक्ष सिंगापूरच्या रेना ली होत्या. १९ जून २०२३ रोजी तो रीतसर स्वीकारला गेला. लागू होण्यासाठी ६० देशांचे अनुसमर्थन लागत होते. पहिले जानेवारी २०२४ मध्ये पलाऊने दिले, साठावे १९ सप्टेंबर २०२५ रोजी मोरोक्कोने, आणि त्यानंतर १२० दिवसांनी करार अमलात आला.

सही आणि अनुसमर्थन यांची गल्लत करू नका. सहीने देश इरादा दाखवतो. बांधला जातो तो अनुसमर्थनाने. अमेरिकेने २०२३ मध्ये सही केली, पण ती मूळ १९८२ च्या करारातही सामील नाही.

करारात चार विषय आहेत: जनुकीय साधने आणि त्यांच्या लाभाची वाटणी, संरक्षित क्षेत्रे, पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन, आणि विकसनशील देशांना तंत्रज्ञान व प्रशिक्षण. पक्षराष्ट्रांची, म्हणजे करारात सामील झालेल्या देशांची, पहिली परिषद करार लागू झाल्यापासून वर्षभरात भरवायची आहे. नियमावली, निधी, समित्या हे सगळे तिथे ठरायचे आहे.

म्हणजे खुल्या समुद्रात आता मासेमारी बंद?

नाही. करार लागू झाला त्या दिवशी एकही जाळे वर आले नाही. करार फक्त दार उघडतो; क्षेत्र जाहीर करण्याचा प्रस्ताव कोणीतरी मांडावा लागतो.

संरक्षित क्षेत्र जाहीर करण्याची पद्धत कशी आहे?

प्रस्ताव फक्त पक्षराष्ट्रे मांडू शकतात, एकट्याने किंवा मिळून. संस्था किंवा शास्त्रज्ञ अभ्यास पुरवतील, पण अर्जावर नाव सरकारचेच लागते.

१. प्रस्तावात हद्दीचे वर्णन, ती जागा का निवडली (वेगळेपण, दुर्मीळता, प्रजननाची जागा असे निकष परिशिष्टात दिले आहेत), तिथे सध्या कोण काय करते, पर्यावरणाची स्थिती, उद्दिष्टे, मुदत आणि व्यवस्थापन आराखड्याचा मसुदा द्यायचा.

२. सचिवालय तो जाहीर करते आणि शास्त्रीय व तांत्रिक मंडळाकडे प्राथमिक तपासणीला पाठवते. मंडळाचा अभिप्राय आला की दुरुस्त करून परत सादर करायचा.

३. मग सल्लामसलत: शेजारचे देश, मासेमारी संघटना, आदिवासी व स्थानिक समुदाय, शास्त्रज्ञ, उद्योग. आलेल्या आक्षेपांना उत्तर द्यावे लागते, नुसते ऐकून घेणे चालत नाही.

४. सुधारित प्रस्ताव मंडळाकडे मूल्यमापनाला जातो आणि तिथून शिफारशीसह परिषदेपुढे.

५. परिषद आधी एकमताचा प्रयत्न करते. ते जमत नाही हे दोन-तृतीयांश मतांनी मान्य झाले, तर हजर राहून मतदान करणाऱ्या पक्षराष्ट्रांच्या तीन-चतुर्थांश मतांनी निर्णय होतो. निर्णय १२० दिवसांनी लागू होतो.

पाचवी पायरी सगळ्यांत महत्त्वाची, कारण आजवर एक देश अडला की सगळे अडत होते. प्रस्ताव फसतो तो मात्र बहुधा पहिल्याच पायरीवर. हद्द आखलेली असते, जीवांची यादी असते, पण ‘देखरेख कोण करणार’ या रकान्यात मोघम वाक्ये असतात. त्याहून वाईट म्हणजे त्या भागात काम करणाऱ्या मासेमारी संघटनेशी आधी बोलणेच झालेले नसते. मग सल्लामसलतीच्या फेरीत तिथूनच विरोध होतो.

एखाद्या देशाला निर्णय मान्य नसेल तर?

त्याने १२० दिवसांच्या आत लेखी हरकत घ्यायची. ‘आम्हाला परवडत नाही’ एवढे कारण चालत नाही. निर्णय कराराशी विसंगत आहे, आपल्याविरुद्ध भेदभाव करणारा आहे, किंवा प्रयत्न करूनही तो पाळणे व्यवहारात शक्य नाही, असे काही दाखवावे लागते. हरकत घेणाऱ्याने शक्यतो तेवढाच परिणाम साधणारे पर्यायी उपाय करायचे आहेत आणि दर तीन वर्षांनी हरकतीचे नूतनीकरणही. कंटाळून का होईना, हरकत मागे पडावी अशी ही रचना आहे.

खुल्या समुद्रात आधीपासून संरक्षित क्षेत्रे आहेत का?

आहेत, आणि त्यांच्या अनुभवातूनच नव्या करारातले मतदानाचे कलम समजते.

अंटार्क्टिकाभोवतीच्या जीवसंपदेसाठी १९८२ पासून आयोग आहे. त्याचे कार्यालय ऑस्ट्रेलियातल्या होबार्टमध्ये. त्याने २००९ मध्ये साउथ ऑर्कनी बेटांच्या दक्षिणेला सुमारे ९४,००० चौरस किलोमीटरचे क्षेत्र राखले. नंतर रॉस समुद्र: प्रस्ताव वर्षानुवर्षे अडला, २०१६ मध्ये मंजूर झाला, १ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला. क्षेत्र सुमारे १५.५ लाख चौरस किलोमीटर, त्यापैकी सुमारे ११.२ लाखांत मासेमारी पूर्ण बंद. एकमत मिळवण्यासाठी मुदतीची तडजोड करावी लागली, म्हणून हे संरक्षण कायमचे नाही. ते ३५ वर्षांचे आहे. पूर्व अंटार्क्टिका आणि वेडेल समुद्राचे प्रस्ताव मात्र अजून पडून आहेत, कारण त्या आयोगात प्रत्येक निर्णयाला प्रत्येक सदस्याचा होकार लागतो.

एकमताचा नियम आणखी एका बाजूने कापतो. नवे नियम अडतात, तसे मुदत संपलेले जुने नियमही उडून जातात. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या बाजूला क्रिल या कोळंबीसारख्या छोट्या जीवासाठी ६,२०,००० टनांची मर्यादा आहे. सगळी पकड एकाच पट्ट्यात होऊन पेंग्विन आणि देवमाशांच्या तोंडचा घास जाऊ नये म्हणून ती उपविभागांत वाटून दिली होती. २०२४ मध्ये वाटपाच्या नियमाला मुदतवाढ देण्यावर एकमत झाले नाही आणि तो संपला. २०२५ च्या हंगामात एकूण मर्यादा गाठली गेली आणि मासेमारी मुदतीआधीच थांबवावी लागली. एकूण आकडा पाळला गेला. पण पेंग्विनसाठी आकड्याइतकेच ठिकाणही महत्त्वाचे असते.

ईशान्य अटलांटिकमध्ये वेगळीच अडचण. तिथल्या पर्यावरण आयोगाने, म्हणजे ऑस्परने, २०१० मध्ये खुल्या समुद्रात सहा क्षेत्रे जाहीर केली, पण मासेमारीवर त्याचा अधिकार नाही. तळावर ओढायच्या जाळ्यांची बंदी त्याच भागातल्या मासेमारी आयोगाला वेगळी घालावी लागते. नकाशावर रेषा एकाची, नियम दुसऱ्याचा.

मासेमारीचे नियम मग कोण करते?

प्रादेशिक मासेमारी व्यवस्थापन संघटना. ट्यूनासाठी अशा पाच आहेत: अटलांटिक, हिंदी महासागर, पूर्व पॅसिफिक, पश्चिम व मध्य पॅसिफिक, आणि दक्षिणी ब्लूफिन ट्यूनासाठी स्वतंत्र. बाकी मासळीसाठी वेगळ्या. कोटा, जाळ्याचा प्रकार, जहाजांची यादी, निरीक्षक हे सगळे त्यांच्या हातात. बीबीएनजे करारातच लिहिले आहे की या संघटनांच्या कामाला त्याने धक्का लावू नये. तेव्हा एखाद्या क्षेत्रात मासेमारी खरोखर थांबली का, हे पाहायचे तर नव्या कराराच्या घोषणेपेक्षा संबंधित संघटनेचा ठराव उघडून पाहावा.

या संघटनांबद्दल तक्रारी खूप आहेत आणि त्यातल्या बऱ्याच रास्त आहेत: शास्त्रज्ञ सांगतात त्याहून जास्त कोटा, निर्णयाला वर्षे, शार्ककडे दुर्लक्ष. पण संघटना नसेल तर काय होते, याचे उदाहरण बेरिंग समुद्रात आहे. रशिया आणि अमेरिकेच्या आर्थिक क्षेत्रांनी वेढलेला खुल्या समुद्राचा एक तुकडा, ज्याला ‘डोनट होल’ म्हणतात, तिथे १९८० च्या दशकात अनेक देशांची जहाजे पोलॉक माशावर तुटून पडली. १९८९ मध्ये पकड सुमारे १४ लाख टनांवर गेली आणि तीन-चार वर्षांत साठा कोसळला. १९९३ पासून मासेमारी थांबवली, १९९४ मध्ये सहा देशांनी करार केला. करार चांगला होता, फक्त मासे संपल्यावर झाला. तिथली मासेमारी अजून पुन्हा उघडलेली नाही.

लाँगलाइनवर समुद्रपक्षी मरतात म्हणजे नेमके काय होते?

लाँगलाइन म्हणजे गळ लावलेला लांब दोर. ट्यूनासाठी सोडायचा मुख्य दोर कित्येक किलोमीटर लांब असतो, १०० किलोमीटरपर्यंतही. त्याला ठरावीक अंतरावर उपदोर आणि प्रत्येकाच्या टोकाला आमिष लावलेला गळ. जहाज पुढे जात असते आणि मागच्या बाजूने एकेक गळ पाण्यात पडत असतो. आमिष बुडायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ ते पृष्ठभागाजवळ तरंगते. अल्बट्रॉस झडप घालतो, गळ चोचीत किंवा घशात अडकतो, आणि दोर बुडू लागला की पक्षीही खाली ओढला जाऊन बुडून मरतो. भटका अल्बट्रॉस दोन वर्षांतून एकदा एकच अंडे घालतो, त्यामुळे वर्षाला थोडे प्रौढ पक्षी गेले तरी संख्या घसरत जाते.

उपाय तीन आहेत आणि अल्बट्रॉस-पेट्रेल संरक्षण करारानुसार तिन्ही एकत्र वापरायचे.

उपदोराला वजन: गळापासून ०.५ मीटरच्या आत किमान ४० ग्रॅम, किंवा १ मीटरच्या आत ६० ग्रॅम, किंवा २ मीटरच्या आत ८० ग्रॅम. वजन गळापासून जितके दूर, तितके आमिष आधी रेंगाळते, म्हणून ग्रॅम वाढतात.

रात्रीची सोडणी: पूर्ण अंधार पडल्यावर सुरू करायची आणि पहाट फुटण्याआधी संपवायची.

पक्षी-पळवणी दोर: जहाजाच्या मागच्या टोकाला उंच खांबावरून बांधलेला, रंगीत पट्ट्या लोंबणारा दोर. मोठ्या जहाजावर त्याचा हवेत राहणारा भाग १०० मीटर तरी हवा.

चुकते कुठे? आडवा वारा आला की पळवणी दोर बाजूला जातो आणि आमिष उघडे पडते. तो तरंगत्या बोयांत गुंतला तर सोडवायला वेळ जातो, म्हणून खलाशी तो आखूड बांधतात किंवा निरीक्षक नसेल तेव्हा बांधतच नाहीत. चांदण्या रात्री पक्ष्यांना दिसते, आणि काही पेट्रेल तर रात्रीच चरतात, तेव्हा नुसत्या रात्रीवर भागत नाही. वजनाला खलाशांचा विरोध असतो त्यालाही कारण आहे: ताणलेला दोर तुटला तर शिशाचा तुकडा गोळीसारखा उलट येतो. त्यासाठी दोरावर घसरणारी वजने निघाली आहेत. दोर तुटला की ती सुटून जातात. अनेक ट्यूना संघटना तिन्हीपैकी कोणतेही दोन उपाय निवडू देतात. अर्थातच जहाजे सोपे दोन निवडतात.

भर समुद्रातली चोरटी मासेमारी पकडतात कशी?

तीन धागे जोडून. पहिला एआयएस: टक्कर टाळण्यासाठी जहाज आपली ओळख, जागा आणि वेग सतत प्रसारित करते, आणि उपग्रह ते टिपतात. दुसरा व्हीएमएस: मासेमारी जहाजावरचे यंत्र ठरावीक वेळाने ध्वजराष्ट्राला जागा कळवते, ही माहिती बहुधा गोपनीय असते. तिसरा म्हणजे रडार उपग्रह. एआयएस बंद केले तरी जहाजाचे लोखंड रडारला दिसतेच.

समुद्रात माल बदलणे, म्हणजे मासळी एका जहाजावरून दुसऱ्यावर चढवणे, कसे ओळखतात ते पाहा. मासेमारी जहाज आणि शीतगृह असलेले मालवाहू जहाज एकमेकांपासून ५०० मीटरच्या आत, दोन तासांहून जास्त, दोन नॉटपेक्षा कमी वेगाने, बंदरापासून दूर एकत्र असतील तर जहाजांच्या हालचालींवर नजर ठेवणारी ग्लोबल फिशिंग वॉच ही संस्था ती भेट म्हणून नोंदवते. दोन्ही जहाजांचे एआयएस चालू हवे, ही त्यातली अट. कधी शीतगृहाचे जहाज एकटेच तासन्तास मंद फिरताना दिसते. तेव्हा समोरच्याने यंत्र बंद केले असावे असा संशय येतो. एवढ्याने गुन्हा सिद्ध होत नाही, कारण माल बदलणे परवानगीनेही होते. पण बंदरात काय विचारायचे ते कळते.

आणि बंदर हीच खरी जागा आहे. मासा कुठेही पकडला तरी विकायला जमिनीवर आणावाच लागतो. जागतिक अन्न व कृषी संघटनेचा बंदरराज्य उपाययोजना करार २००९ मध्ये झाला आणि ५ जून २०१६ पासून लागू आहे. त्यानुसार परदेशी मासेमारी जहाजाने आगाऊ कळवायचे: ओळख, परवाने, माल बदलल्याची माहिती, जहाजावर किती मासळी आहे. पुरावा पक्का असेल तर बंदर प्रवेशच नाकारते. संकटात सापडलेल्या जहाजाला आसरा द्यावा लागतो, पण माल उतरवू द्यायचा नाही. आमच्या मते खर्चाच्या मानाने सर्वांत गुणकारी करार हाच, आणि सर्वांत कमी बोलला जाणाराही. याची खोट एकच: एका बंदराने हाकलले तर शेजारचे न विचारता घेते. म्हणून साखळीतले प्रत्येक बंदर मोजावे लागते.

सरकारी अनुदानाचा याच्याशी काय संबंध?

लांबच्या समुद्रात जाणाऱ्या जहाजाचा मोठा खर्च इंधनाचा. तो सरकारने उचलला की तोट्यातली फेरीही चालते. जागतिक व्यापार संघटनेचा मत्स्य-अनुदान करार १७ जून २०२२ रोजी झाला आणि १५ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. बेकायदा मासेमारी, अतिपकड झालेले साठे आणि कोणत्याही संघटनेच्या नियमात न येणारा खुला समुद्र, या तिन्हींसाठी अनुदान देता येत नाही. गरजेपेक्षा मोठे ताफे पोसणाऱ्या अनुदानांची बोलणी मात्र अडलेली आहेत.

पर्यावरणीय मूल्यमापन कधी करावे लागते?

दोन उंबरठे आहेत. परिणाम किरकोळ किंवा क्षणिक असण्यापलीकडे जाईल, किंवा नीट माहीतच नसेल, तर आधी छाननी. छाननीत मोठ्या प्रदूषणाची किंवा लक्षणीय हानीची शक्यता दिसली, तर पूर्ण मूल्यमापन: व्याप्ती ठरवणे, परिणामांचा अभ्यास, ते टाळण्याचे उपाय, लोकांची मते, अहवाल, निर्णय आणि नंतरची देखरेख. छाननीत ‘गरज नाही’ असे ठरवले तरी कारणे प्रसिद्ध करावी लागतात आणि इतर पक्षराष्ट्रांना मत नोंदवायला ४० दिवस मिळतात.

अंतिम परवानगी मात्र तो उद्योग ज्याच्या अखत्यारीत आहे तो देशच देतो. परिषद नकाराधिकार वापरू शकत नाही. कराराची ही सर्वांत दुबळी बाजू. दिलासा इतकाच की कागद सगळ्यांसमोर येतात.

जनुकीय साधनांची वाटणी म्हणजे काय वाटायचे?

तळावरच्या उकळत्या विवरांजवळ राहणाऱ्या सूक्ष्मजीवांची विकरे (एन्झाइम) उष्णतेत टिकतात, आणि प्रयोगशाळांना ती हवी असतात. आजवर ज्याच्याकडे खोल पाण्यात उतरणारे जहाज, त्याचाच नमुना.

आता नमुना गोळा करण्याच्या सहा महिने आधी, ते शक्य नसेल तर जमेल तितक्या लवकर, कराराच्या माहिती-केंद्राला कळवायचे. त्यातून त्या खेपेला ओळख-क्रमांक मिळतो आणि तो पुढे नमुन्याबरोबर, जनुकक्रमाबरोबर, शोधनिबंधाबरोबर जातो. गोळा केल्यापासून वर्षाच्या आत नमुने आणि जनुकक्रम कुठे ठेवले ते सांगायचे. पैशाची सुरुवात ठरली आहे: विकसित पक्षराष्ट्रांनी कराराच्या अंदाजपत्रकात जी वर्गणी भरायची, तिच्या निम्मी रक्कम विशेष निधीत वेगळी द्यायची. नेहमीची मासेमारी या भागात येत नाही.

तळावरचे खाणकाम या कराराने थांबेल का?

थेट नाही. ते जमैकातल्या किंगस्टनच्या आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाकडे आहे. शोधकामाचे ठेके त्याने दिले आहेत.

मुख्य लक्ष हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यानच्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यावर आहे. तिथे चार ते साडेपाच किलोमीटर खोलीवर बटाट्याएवढे गोटे पडलेले असतात. त्यांत मँगनीज, निकेल, कोबाल्ट, तांबे. गोटा दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतो. चिखलाच्या त्या मैदानात घट्ट धरायला जागा म्हणजे हे गोटेच, त्यामुळे स्पंज आणि प्रवाळ त्यांच्यावरच उगवतात. गोटा उचलला की घरही गेले. १९८९ मध्ये पेरूजवळच्या खोल समुद्रात शास्त्रज्ञांनी मुद्दाम तळ नांगरून पाहिला होता. सव्वीस वर्षांनी गेले तरी नांगराचे चर तसेच दिसत होते. प्राधिकरणाने या पट्ट्यात १३ क्षेत्रे खाणकामाबाहेर ठेवली आहेत. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने आपल्याच कायद्याखाली परवाने देण्याची वाट धरली, त्यामुळे हा वाद आता फक्त किंगस्टनमध्ये सुटण्यासारखा राहिलेला नाही.

देवमाशांचे काय?

व्यापारी शिकारीवरची स्थगिती १९८२ मध्ये ठरली आणि १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झाली. जपान २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगातून बाहेर पडला आणि आता आपल्याच पाण्यात शिकार करतो. म्हणजे बाहेर पडण्याने खुल्या समुद्रातले देवमासे उलट सुटले. आज त्यांना जास्त धोका जहाजांच्या धडकेचा आणि दोर-जाळ्यांत गुंतण्याचा आहे.

हवामानबदल या करारांत बसतो का?

२१ मे २०२४ रोजी हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी न्यायाधिकरणाने मत दिले की हरितगृह वायू हेही सागरी प्रदूषण आहे आणि ते रोखणे देशांचे कर्तव्य आहे. मत सल्लावजा आहे, पण पुढच्या खटल्यांत त्याचा आधार घेतला जाणार. संरक्षित क्षेत्रांसाठी प्रश्न व्यावहारिक आहे: पाणी तापले की मासे ध्रुवांकडे सरकतात आणि रेषा मागे राहते. म्हणून आराखड्यात ठरावीक वर्षांनी हद्द तपासण्याचे कलम असावे.

मासेमारी सुरू होण्याआधीच करार झाला, असे कुठे घडले आहे का?

एका ठिकाणी, आर्क्टिकच्या मध्यभागी. बर्फ वितळत चालल्याने सुमारे २८ लाख चौरस किलोमीटर खुला समुद्र मासेमारीला उघडा पडू लागला. ३ ऑक्टोबर २०१८ रोजी ग्रीनलंडमधल्या इलुलिसाट इथे नऊ देश आणि युरोपीय संघ यांनी सही केली: आधी संशोधन, तोवर व्यापारी मासेमारी नाही. मोठे मासेमारी ताफे असलेले चीन, जपान आणि दक्षिण कोरियाही त्यात आहेत. करार २५ जून २०२१ पासून १६ वर्षांसाठी लागू आहे, आणि कोणी हरकत घेतली नाही तर पुढे पाच-पाच वर्षांनी वाढत जाईल.